खंगरातली बिऱ्हाडं

ऐक. मधी काही विचारू नको, नुसतं ऐक. चहा थंड झाला तरी चालंल.

मोनाली आठवती का तुला? मुकुंदवाडीची, पोलीस भरतीसाठी पहाटं मैदानावर पळायची ती, लांब वेणीवाली. तिची गोष्ट हाये. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं ना, त्या वर्षीची. आपल्याकडं जायकवाडी तळाला गेलं होतं. नळाला कधी आठवड्यानं पाणी, कधी त्याच्याहून उशिरा, अन् आलं तरी असं की भांडी मांडेपर्यंत गेलंसुद्धा. चिकलठाण्याकडं बघावं तर नव्या इमारती उठायलेल्या, रोज कुठं ना कुठं स्लॅब पडायलेला, अन् इकडं गल्लीत टँकर आला की बायका हंडे घेऊन अशा पळायच्या, की मोनालीच्या मैदानावरच्या पोरी मागं पडाव्या.

त्या गल्लीत बुद्धविहार हाये. विहाराच्या मागच्या हॉलमधी अभ्यासिका. तिथं स्पर्धा परीक्षेवाली पोरं-पोरी बसायची, अन् त्यांच्या डोळ्यासमोर भिंतीला लागून एक माशांची टाकी. साधीसुधी नाही, चांगली लोखंडी खाटेएवढी लांब. अभ्यासिकेतल्या एका पोराला नोकरी लागली तेव्हा त्यानं भेट दिलेली. डोळे थकले की पोरं टाकीकडं बघत बसायची. टाकीत काळ्या मॉली, बोटाच्या पेराएवढे गप्पी, अन् एक गोल्डफिश. नारिंगी, पोट सुटलेला, दाणे टाकले की सगळ्यांना ढकलून पुढं येणारा. पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं ठाणेदार.

टाकी सांभाळायची मोनाली. सांभाळायची म्हणजे काय, पाणी होतं तवर काही अवघडच नव्हतं. रविवारी नळाला पाइप लावायचा, अर्धी टाकी काढायची, अर्धी भरायची, झालं. कोपऱ्यात एक स्पंजाचा बारका फिल्टर बुडबुडे सोडत बसलेला असायचा, त्याच्याकडं कोणी ढुंकूनही बघायचं नाही.

मग आला तो फाल्गुन. रविवारची वंदना झाली, लोक उठायलेच होते, तेवढ्यात केसरबाई उभी राहिली. केसरबाई म्हणजे टँकरच्या रांगेची मालकीणच म्हण. कोणाचा नंबर कुठं, कोणी मधी घुसलं, कोणाच्या घरी बाळंतीण हाये म्हणून तिला एक हंडा जास्त, सगळं तिच्या तोंडावर. टँकरवालासुद्धा तिला विचारल्याशिवाय पाइप सोडायचा नाही.

"अप्पाभाऊ, एक विचारते," केसरबाई म्हणाली. "आमची लेकरं दोन तांब्यांत आंघोळ करायलेत. अन् इथं माशांला पोहायला तलाव. हे कोणत्या धम्मात बसतं?"

उठलेले लोक परत खाली बसले. कारण बाई बोलली ते खरंच होतं ना. मोनालीलाही ते कळत होतं. तिच्या घरी तरी काय, माणशी एक बादली. तोंड धुणं, आंघोळ, कपडे, सगळं त्या एका बादलीत.

अप्पाराव विहार समितीचे अध्यक्ष. चिकलठाण्याच्या एका कंपनीत आयुष्य काढलेला माणूस, घरात भाजीला काय करायचं ते पण युनियनच्या मीटिंगसारखं बोलायचे. ते म्हणाले, "मुद्दा रास्त हाये. टाकी रिकामी करू. मासे दुकानवाल्याला परत देऊ."

मोनालीनं त्या दुकानातली मागची टाकी बघितली होती. हाताएवढे मोठे मासे, अन् त्यांच्यापुढं खाऊ म्हणून टाकलेले परत आलेले बारके मासे. ती उठली अन् बोलून गेली, "अप्पाकाका, तिथं त्यांला मोठ्या माशांपुढं टाकतात. आपण रोज पंचशील म्हणतो, पहिलंच वचन काय हाये? मंग आपल्या हातानं मरायला कसं पाठवायचं?"

अप्पाराव खोकले. केसरबाईनं पदर सावरला. एक जण मागून म्हणाला, "पोरगी पॉइंट बोलली."

अप्पारावांनी निकाल दिला. "आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. तवर मुदत. नळाचं पाणी नाय, टँकरचं नाय, विहाराच्या हौदाचं नाय. तुझ्या घरी तुझ्या वाट्याला जी बादली येती, तिच्यातलं काय द्यायचं ते तू दे, त्याला कोणी बोलणार नाय. पण एक जरी मासा मेला, तर त्याच दिवशी टाकी बंद. मंजूर?"

"मंजूर," मोनाली म्हणाली. विचार न करताच.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मेली."

तो अभय. अभ्यासिकेतलाच, इंजिनिअरिंग झालेला अन् नोकरीच्या शोधात असलेला. आधी गल्लीतच राहायचा, मग वडिलांनी चिकलठाण्याजवळ नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. त्याच्या घरीही एक छोटी टाकी होती, अन् तिचे फोटो तो सगळ्यांना दाखवत फिरायचा.

"तुला काय कळतं, तू काय कबूल केलं?" तो बाहेर आल्यावर म्हणाला. "तू टाकीतलं पाणी बदलणार नाय. मासे खाणार, घाण करणार, त्या घाणीचा अमोनिया होणार. विष हाये ते. तुझा तो टीचभर स्पंज काय करणार?"

"मला माहितीय."

"मंग मंजूर कामून म्हणालीस?"

"दुसरं काय म्हणायचं होतं, जय भीम म्हणून घरी जायचं होतं का?"

तर आता तुला थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळंल. माशांची घाण खाणारे जिवाणू असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण टाकीत आपोआप येतात. ते त्या विषाचं असं काही करून टाकतात की माशांला बाधत नाही. पण ते पाण्यात तरंगत राहत नाहीत, त्यांला चिकटून बसायला जागा लागती. मोनाली तिच्या भाषेत म्हणायची, भाडेकरू हायेत ते. जितक्या खोल्या, तितकी बिऱ्हाडं. स्पंजात थोडी बिऱ्हाडं होती, पण सगळ्या टाकीची घाण उपसायला अख्खी कॉलनी पाहिजे होती. अन् ती कॉलनी कशात वसवायची, हाच सगळा सवाल.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. दुकानवाल्यानं निळे प्लास्टिकचे काटेरी चेंडू काढून दाखवले. "ये लेके जाओ, सब यहीच डालते."

मोनालीनं एक चेंडू हातात घेऊन फिरवला. गुळगुळीत. वरून पाण्याचा थेंब टाकला तर थेंब घसरून खाली. मोठा ड्रम असला, वरून पाणी धबाधबा पडत असलं तर चेंडू बरेच हायेत, तिनं वाचलं होतं. पण तिच्या बादलीएवढ्या जागेत? हे तर मोकळं मैदान झालं, खोल्या कुठायत?

अभय म्हणाला, "माझ्या टाकीत हायेत तसल्या सिरॅमिक रिंगा घे. बघ कशा हायेत." त्यानं खिशातून एक रिंग काढली. पांढरी, खडूसारखी. खिशात ठेवून फिरायचा, बोल! थेंब टाकला तर रिंगीनं तो हळूच पिऊन टाकला.

"चांगली हाये," मोनाली म्हणाली. "पण या टाकीला बादलीभर लागतील. तेवढ्या रिंगा घ्यायच्या म्हणजे विहाराचा पत्रा विकावा लागंल."

"मंग घरासमोरचे खडे भर."

तो चेष्टेनं म्हणाला, पण मोनालीच्या डोक्यात तिथंच लाइट लागली. रिंग म्हणजे तरी काय? भाजलेली माती, बारक्या बारक्या भोकांची. असं काही आपल्याकडं फुकट पडलेलं नसंल का?

अन् मग सुरू झालं तिचं येड. अभ्यासिकेच्या खिडकीत वाडगे मांडले. पहिल्या वाडग्यात घराजवळच्या बांधकामावरच्या विटेचा तुकडा. सकाळपर्यंत पाणी लाल झालेलं, तळाला चिखल. कच्ची वीट, विरघळली. दुसऱ्यात अभयनं आणलेला दगड. खुलताबादच्या घाटात रस्ता रुंद करायला डोंगर कापला होता, तिथून त्यानं आणला. काळा दगड, अन् त्यात भोकंच भोकं. अभय खूश. "हे बघ, तुझी तयार चाळ!"

मोनालीनं त्यावर लिंबू पिळलं. फस्स करून फेस आला, म्हणजे आत चुना. जवळून बघितलं तर भोकं सगळी पांढऱ्या खड्यांनी भरलेली. ती हसायलाच लागली. "अभ्या, खोल्या लई हायेत रे, पण सगळ्यांत आधीपासून कोणीतरी राहायला हाये!"

त्या रविवारी तिला आठवला मामा. लासूर स्टेशनला राहतो. त्याच्या घराच्या वाटेवर एक वीटभट्टी होती, पाण्यावाचून बंद पडलेली. भट्टीत ज्या विटा आगीला लई जवळ राहतात ना, त्या जास्त भाजतात, फुगतात, वाकड्यातिकड्या होतात, एकमेकींना चिकटतात. त्यांला खंगर म्हणतात. बांधकामात कोणी घेत नाही, ढीग पडून राहतो. लहानपणी मोनाली त्या ढिगावर खेळायची, अन् गुडघे सोलून घ्यायची. खंगराचं अंग कसं, पावासारखं, भोकाभोकांचं, पण हातोड्यानं फोडावं तेव्हाच फुटतं.

अभयला घेऊन ती पॅसेंजरनं लासूरला गेली. मामी म्हणाली, "पाहुणचाराला आली अन् दगड गोळा करायली?" मामा म्हणाला, "ने बाई, सगळा ढीग ने, मला रस्ता मोकळा होईल." उन्हात दोघं खंगर फोडत बसली. लिंबाएवढे तुकडे. मोनाली प्रत्येक तुकड्यावर थेंब टाकायची. जो तुकडा काचेसारखा चमकायचा, त्यावरून थेंब ओघळायचा, तो फेकून द्यायची. जो थेंब गटकन गिळायचा, तो पोत्यात. लिंबाचा रस पण टाकून बघितला. फेस नाही, काही नाही. पाण्यात ठेवून बघितला, पाणी जसंच्या तसं.

"मला कोणी विचारलं ना, इंजिनिअर होऊन काय करतोस, तर सांगंन, विटांला पाणी पाजतो," अभय कपाळ पुसत म्हणाला.

"पाज की, पुण्य लागंल."

पोतं घेऊन परत आली. खंगर उकळून घेतला, तोही तिच्याच बादलीतल्या पाण्यात. आता पाणी त्यातून फिरवायचं कसं? तर घरोघरी कूलर बंद. पाणीच नाही तर कूलर कशाचा? मोनालीच्या घरच्या कूलरचा बारका पंप तिनं काढला, आई ओरडेपर्यंत धुऊन टाकीत सोडला. रंगाच्या रिकाम्या बादलीला तळाशी भोकं पाडली, बादली टाकीवर आडव्या फळ्यांवर बसवली, आत खंगर भरला. पंपानं पाणी वर चढायचं, खंगरातून झिरपत खाली टाकीत पडायचं. अन् सगळ्यात शेवटी तिनं काय केलं असंल? तो जुना काळाकुट्ट स्पंज बादलीवर धरून पिळला. ती सगळी घाण खंगरावर.

"छी!" अभय म्हणाला.

"छी काय, जुनी बिऱ्हाडं नव्या घरात राहायला चालली. वाजंत्री लाव."

अन् मग वाट बघणं. दाणे जेमतेम. रोज एक-दोन तांबे पाणी तिच्या बादलीतलं, उन्हात ठेवून जंतू मारायच्या औषधाचा, क्लोरीनचा, वास उडवलेलं, फक्त आटलेलं भरून काढायला. पहिले काही दिवस मासे सुस्त होते, पण हळूहळू पाणी असं झालं ना, असं नितळ, की बाबासाहेबांच्या जयंतीला लोक आले तर टाकीत पाणी हाये का नाही म्हणून काच चाचपून बघायला लागले. ठाणेदार पोट घेऊन मिरवायलेला. अप्पाराव दोनदा येऊन बघून गेले. केसरबाई पण आली, पहिल्यांदाच अभ्यासिकेत. कमरेवर हात ठेवून ठाणेदाराकडं बघत म्हणाली, "हा तर माझ्या नवऱ्यासारखा दिसतो. काम काही नाय, पहिला ताटावर." अन् हसली. मोनालीला वाटलं, जिंकलो आपण.

इथंच ती चुकली बघ.

बुद्ध पौर्णिमा जवळ आली. दोन दिवस आधी नळाला पाणी आलं, अन् त्या दिवशी चांगलं बराच वेळ टिकलं. तुला माहितीय नळाचा दिवस म्हणजे काय असतो. आठवड्याचं सगळं त्या दिवशी धुवायचं. चादरी, हंडे, फरशा, लेकरं, जे हाताला लागंल ते. विहार पण धुवायला काढलं. मोनाली त्या दिवशी भरतीच्या सरावाला गेली होती. परत आली तर विहार लख्ख, अन् दारात केसरबाई, चेहऱ्यावर असा आनंद, जसा काही टँकर तिच्या एकटीच्या दारात लागला.

"ये पोरी, वर गच्चीवर ये."

गच्चीवर चादर अंथरलेली. चादरीवर, कुरडया वाळत घालाव्या तशी खंगराची खांडं एक एक सुटी मांडलेली. वैशाखाचं ऊन. खांडं लालभडक, कोरी करकरीत.

"किती घाण होती गं त्यात! काळं काळं नुसतं. मी सगळी नळाखाली घासून काढली. एक एक घासली, ब्रशनं. सकाळपासून वाळत हायेत. साबण नाय लावला, दगडाला कशाला साबण," केसरबाई म्हणाली. "तुझ्या माशांवर मी उगाच राग काढला बाई. म्हणलं, आपल्या हातून पण काही व्हावं."

ती घाण म्हणजेच तर सगळं होतं ना! औषधाचा वास मारणाऱ्या पाण्यात घासून, वर त्या उन्हात वाळवून, अख्खी कॉलनी साफ. एक बिऱ्हाड शिल्लक नाही. अन् समोर ही बाई, हातांला ब्रशनं घासून घासून फोड आलेले, लेकरासारखी तोंडाकडं बघायली, पोरगी काय म्हणती म्हणून.

"छान झालं मावशी," मोनाली म्हणाली.

खंगर परत बादलीत भरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॉली वर येऊन पाण्याच्या तोंडाशी तोंड उघडमिट करायला लागल्या. पौर्णिमेच्या सकाळी ठाणेदार कोपऱ्यात, कल्ले लाल, दाण्याकडं बघंना. बाहेर हॉलमधी वंदना चाललेली, खीर वाटायलेले, अन् इकडं मोनाली काचेला कपाळ टेकवून उभी.

अभय मागून आला. एक नजर टाकली अन् त्याला कळलं. "कोणी धुतला?"

"गप."

"कोणी धुतला सांग! समितीला सांगू. तुझी चूक नाय तर तुझी शर्त कशी मोडंल?"

"अन् सगळ्यांपुढं केसरमावशीला उभं करू? आज, पौर्णिमेला? तिनं हात सोलून घेतले रे." मोनाली म्हणाली. "अन् मासे आजारी हायेत हे कळलं तर अप्पाकाका आजच टाकी काढायला लावतील. तू मला रिंगा दे."

"काय?"

"तुझ्या टाकीतल्या रिंगा. जुन्या, घाणेरड्या, न धुतलेल्या. अर्ध्या दे."

अभयनं तोंड वाकडं केलं. "त्या दिवशी तर म्हणत होतीस, विहाराचा पत्रा विकावा लागंल."

"देतोस का नाय?"

"आधी म्हण, रिंगा खंगरापेक्षा भारी."

"रिंगा खंगरापेक्षा भारी. तुझ्या सात पिढ्या भारी. पळ आता!"

तो पळाला, खरंच पळाला. त्याच्या फ्लॅटवरून डब्यात टाकीच्याच पाण्यात बुडवून रिंगा आणल्या अन् खंगराच्या मधोमध ठेवल्या. पण बिऱ्हाडं वाढायला वेळ लागतो. तवर ते विष पातळ करायला पाणी पाहिजे, अन् चांगलं बादलीभर पाहिजे, रोज. बाहेर टँकर उभा होता. पाइपातून पाणी गळत होतं. एक हंडा कोणाच्या लक्षात आला नसता. अभयनं डोळ्यानं खुणावलं पण. मोनालीनं मानेनंच नाय म्हणलं.

मग काय केलं असंल तिनं? तिची बादली. अख्खी. घरी तिच्या वाट्याला येणारी पूर्ण बादली, रोज, उन्हात ठेवून, तेवढंच जुनं पाणी काढून, टाकीत. आंघोळ बंद. वैशाखात! अन् ही रोज पहाटं मैदानावर पळून घामाघूम होऊन येणारी पोरगी. ओल्या फडक्यानं अंग पुसायची, तेही आईच्या उरलेल्या पाण्यातून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अभ्यासिकेतल्या पोरी बाकं सरकवायला लागल्या. एकीनं अत्तराची कुपी आणून समोर ठेवली. आई म्हणाली, "तुला कोणी काही केलं का गं? देवऋषी तर आपण मानत नाय, डॉक्टरकडं जाऊ." अभय शेजारी बसायचा एकटा, नाकाला रुमाल लावून. "आत्ता जर कोणी चोर पळाला ना," तो म्हणायचा, "तर तुला पळायचीबी गरज नाय. नुसतं वाऱ्याच्या बाजूला उभी राहा."

ती हसायची, पण डोळे टाकीवर. दाणे बंद. पंप दिवसरात्र चालू. एक दिवस मॉली तोंड मिटून खाली गेल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी ठाणेदार कोपऱ्यातून निघाला. अन् एका सकाळी तिनं एक दाणा टाकला, एकच, बघायला. पाण्यावर लाट उठली, गप्पी बाजूला उडाले, मॉली बाजूला उडाल्या, अन् नारिंगी पोट सगळ्यांना ढकलून पुढं! मोनाली अशी ओरडली की हॉलमधी एकाचं पुस्तक खाली पडलं. ती तशीच घरी पळाली अन् त्या दिवशी तिनं डोक्यावरून पूर्ण बादली ओतून घेतली. आई दाराबाहेरून म्हणाली, "बरं झालं, उतरलं एकदाचं."

आषाढ पौर्णिमा आली. वंदना झाली, वर्षावासाचं प्रवचन झालं, अन् मग सगळे अभ्यासिकेत. अप्पाराव चष्मा लावून टाकीपुढं बसले, मासे मोजायला. मोजता मोजता थांबले. परत सुरू केलं. परत थांबले.

"मोनाली, हे मेळ खाईना."

मोनाली काचेशी वाकली. "कमी हायेत?"

"कमी कुठले, जास्त हायेत! हे काय बारकं बारकं?"

शेवाळाच्या आडून मॉलीची पिल्लं, तांदळाच्या दाण्याएवढी काळी, इकडून तिकडं. अगं, असा आवाज झाला हॉलमधी! पोरं बाकावर चढली. अप्पाराव उठून उभे राहिले, मीटिंगच्या आवाजात म्हणाले, "एकही मृत नाय. उलट सभासदसंख्या वाढली. टाकी कायम!" टाळ्या. अभय शिट्टी मारायला लागला, त्याला कोणीतरी विहारात शिट्टी मारतो म्हणून चापट मारली. अन् मोनाली, दोन्ही हात तोंडावर ठेवून नुसती हसायली, हसायली.

तेवढ्यात केसरबाई पुढं आली.

"एकट्या पोरीला कामून टाळ्या?" ती म्हणाली. "बुद्ध पौर्णिमेच्या आधी ते दगड धुतले कोणी? विचारा तिला. बोट बोट घाण होती. मी घासून काढले म्हणून मासे जगले. व्हय का नाय गं?"

सगळे मोनालीकडं बघायला लागले. अभयच्या तोंडात खीर होती, ती त्याच्या नाकातून आली.

"आता मी ठरवलं," केसरबाई हॉलकडं वळून म्हणाली, "दर नळाला ते दगड मीच धुवून देणार. असेच लख्ख. ही सेवा माझी."

परत टाळ्या. सगळ्यात जोरात अप्पारावांच्या. अभय मोनालीच्या कानाशी फिसकारला, "सांग. आत्ता सांग. नायतर दर आठवड्याला माझ्या रिंगा मागायला येशील."

मोनाली पुढं झाली अन् केसरबाईचा हात धरला. "मावशी, तुम्हीच धुवा. तुमच्याशिवाय कोण करणार? पण नळाचं चांगलं पाणी दगडांवर कशाला घालवायचं? मी टाकीतून थोडं जुनं पाणी काढते ना, त्याच पाण्यात टोपल्यात घालून नुसते हलवायचे. वरवरचा गाळ निघाला की बास. घासायचे नाय, वाळवायचे नाय, ओलेच्या ओले बादलीत."

केसरबाईनं डोळे बारीक केले. क्षणभर वाटलं, बाईनं पकडलं. "अन् ते पाणी मंग?"

"बाहेरच्या पिंपळाला."

"म्हणजे नवं पाणी एक थेंब नाय?"

"एक थेंब नाय."

केसरबाई हॉलकडं वळली, बोट वर करून. "ऐकलं का सगळ्यांनी? याला म्हणतात पाणी वापरणं! शिका जरा!"

अन् आजही जाऊन बघ, नळ येवो न येवो, ठरल्या दिवशी केसरमावशी टोपलं घेऊन बसती, खंगर हलवती, कोणी नवीन पोरगा दिसला की त्याला सांगती, नळाचं पाणी लावायचं नाय बरं का, आमचे मासे माझ्यामुळं जगले. त्या जुन्या पाण्यात औषध नसतं ना, बिऱ्हाडं सगळी जागच्या जागी राहतात. टाकीत ठाणेदाराला आता वळायला जागा पुरंना.

पण अभय अजून भांडतो. त्या दिवशी खीर खाऊन बाहेर पडले तेव्हापासून. "तू फसवलंस तिला," म्हणतो. मोनाली म्हणती, "एक शब्द खोटा काढून दाखव." तो म्हणतो, "अगं, सगळं श्रेय ती घेऊन बसली! आंघोळ तू बंद केली, नाकाला रुमाल मी लावला!" मोनाली म्हणती, "घेऊ दे की. तिच्या तोंडावर सांगितलं असतं, मावशी, तुम्ही मारत होता त्यांला, तर ती परत कधी त्या हॉलमधी आली असती का? आता अख्ख्या गल्लीत टाकीला हात लावायची कोणाची हिंमत हाये, सांग."

अभय म्हणतो, खरं ते खरं, तोंडावर बोलायचं. मोनाली म्हणती, खरं पोचलं ना, मग कसंही पोचू दे.

आता सांग, चहा राहू दे. भरलेला हॉल, टाळ्या वाजायलेत, समोर ती हात सोलून घेतलेली बाई, अन् सगळे तुझ्याकडं बघायलेत. तू काय केलं असतंस?